ताकद भरपूर, तरी पडदा काळा

टीव्हीखाली मावेल असा एक छोटा पीसी घ्यावा, असं तुमच्याही मनात आलं असेल. चित्र उत्तम दिसावं म्हणून मग आपण स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेला, चार पैसे जास्त मोजून, घेतो. ४के ब्लू-रे डिस्कच्या बाबतीत मात्र हीच निवड आड येऊ शकते. कशी, ते पाहू.

४के चित्रात ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. फुल एचडीच्या चौपट. पण ते उलगडायला फार ताकद लागत नाही. प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्समध्येही त्यासाठी वेगळा विभाग असतो. खरी अडचण कुलपाची आहे.

विकत घेतलेला चित्रपट हा सीलबंद डबा समजा. तो डिस्कवरून प्रोसेसरकडे, तिथून ग्राफिक्सकडे आणि एचडीएमआय केबलमधून टीव्हीकडे जातो. वाटेत प्रत्येकाने ओळखपत्र दाखवायचं. एकाकडे जरी ते नसलं, तरी डबा पुढे सरकत नाही. केबलवरच्या कुलपाचं नाव एचडीसीपी. त्याच्या जुन्या आवृत्तीची मूळ किल्ली २०१० मध्ये फुटली, म्हणून ४के साठी सहसा २.२ ही नवी आवृत्ती मागितली जाते.

डिस्कचे नियम आणखी कडक. पीसीवर ४के ब्लू-रे अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सुरक्षित कोठडी लागते. आणि चित्र बाहेर पडायला हवं ते इंटेलच्याच अंगभूत ग्राफिक्समधून. स्वतंत्र कार्ड कितीही महाग असो, या साखळीत त्याला जागा नाही.

२०१८ मध्ये आलेला इंटेलचा ‘हेडीस कॅन्यन’ हा एनयूसी घ्या. जेमतेम १.२ लिटर आकारमानाचा हा डबा, आत एएमडीची दमदार रेडिऑन वेगा चिप. प्रोसेसरमध्ये इंटेलचं अंगभूत ग्राफिक्सही होतं, पण मागचं-पुढचं प्रत्येक पोर्ट जोडलेलं होतं रेडिऑनला. परिणामी ४के डिस्कसाठी तो निरुपयोगी. मोठ्या पीसीत निदान केबल काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावता येते. इथे तसं पोर्टच नाही.

स्ट्रीमिंगचं जरा बरं आहे. नेटफ्लिक्सचं ४के २०१६ मध्ये विंडोजवर आलं, तेव्हा इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर लागायचा. पुढे एनव्हिडिया आणि एएमडीच्या कार्डांनाही प्रवेश मिळाला.

डिस्कच्या बाबतीत उलटंच झालं. अकराव्या पिढीपासून इंटेलने कोअर प्रोसेसरांतून एसजीएक्स काढून टाकलं. म्हणजे पीसी नवा घेतला, की पैसे देऊन विकत घेतलेल्या डिस्क त्यावर अधिकृतपणे चालणं बंद! आपल्यासारख्या दोन देशांत संसार असणाऱ्यांना यातली गंमत कळेल. साध्या ब्लू-रेला विभागांचं कुंपण आहे: अमेरिका ‘ए’, ब्रिटन ‘बी’, भारत ‘सी’. ४के डिस्कवर ते कुंपण नाही. न्यू जर्सीत घेतलेली डिस्क पुण्यातल्या प्लेअरवर खुशाल लागते. पण तुमच्याच दिवाणखान्यातल्या नव्या पीसीवर नाही.

तेव्हा खरेदीपूर्वी एवढं पाहा:

• एचडीएमआय पोर्ट कोणत्या चिपला जोडलेलं आहे? ‘४के सपोर्ट’ या शब्दांतून ते कळत नाही.
• टीव्ही आणि मधला साउंड रिसीव्हर, दोघांनाही एचडीसीपी २.२ कळतं का? जुना रिसीव्हर मध्ये असेल, तर तिथेच साखळी तुटते.
• नेटफ्लिक्ससाठी पीसीला दुसरा, जुना मॉनिटर जोडलेला असेल तर तो काढून पाहा. जोडलेला प्रत्येक पडदा नियमात बसावा लागतो.

आणि घरात ४के डिस्कचा संग्रह असेल, तर त्यासाठी वेगळा प्लेअर किंवा डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ घ्या. छोटा पीसी बाकीच्या सगळ्या कामांना उत्तम आहेच.