नकाशाचे सॉफ्टवेअर आणि दुभाषा 'वाइन'

सोनाळ्याहून टुनकी, वरवट बकाल, संग्रामपूर असा माल पोहोचविणाऱ्या व्यापाऱ्याने गिऱ्हाईकांची गावे संगणकाच्या नकाशावर मांडली, तर फेऱ्या आणि डिझेल वाचते. अडचण अशी की नकाशाची अनेक सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी बनतात. आयआयटी मुंबईचे 'ग्रॅम प्लस प्लस'ही विंडोजसाठीच तयार झाले. आपल्या संगणकावर लिनक्स असेल तर काय करावे? विंडोजची चोरीची प्रत टाकणे म्हणजे दुसऱ्याचा हक्क मारणे. व्यापारी बांधवांनी ते करू नये, आणि त्याची गरजही नाही.

१९९३ साली सुरू झालेले 'वाइन' हे मोफत साधन दुभाष्याचे काम करते. सॉफ्टवेअर विंडोजच्या बोलीत 'फाइल उघड, रेषा काढ' असे सांगते. वाइन तेच लिनक्सला त्याच्या बोलीत सांगते. नावाला बिचकू नये, ती केवळ इंग्रजी आद्याक्षरे आहेत. दारूशी संबंध नाही.

मात्र दुभाष्याला प्रत्येक शब्द येतोच असे नाही. नकाशा दिसेल, पण छपाई किंवा जीपीएस यंत्राची जोडणी अडू शकते. म्हणून आधी चार गावांवर चाचणी घ्यावी.

त्याहून बरे म्हणजे २००२ साली सुरू झालेले 'क्यूजीआयएस'. ते मोफत आहे आणि लिनक्सवर थेट चालते. आपल्या मापाचा सदरा मिळत असेल, तर दुसऱ्याचा उसवून घालायचा कशाला?