शब्दांचं मूळ-कूळ : इन्क्वेस्ट

एखादा आकस्मिक किंवा संशयास्पद मृत्यू झाला की आपल्याकडे पोलिस पंचांना बोलावतात. मृतदेह कसा पडला आहे, अंगावर कपडे कोणते, जखमा कुठे, हे सगळं टिपून घेतात आणि खाली पंचांच्या सह्या घेतात. या कागदाला मरणोत्तर पंचनामा म्हणतात, पण पोलिस ठाण्यात ‘इन्क्वेस्ट पंचनामा’ हेच नाव सर्रास कानावर पडतं. आजचा शब्द तोच.

मूळ लॅटिन. शोधणं, विचारणं या अर्थाच्या एका धातूपासून क्वेश्चन, क्वेरी, रिक्वेस्ट, इन्क्वायरी हे सगळे निघाले. जिंकणं या अर्थाचा ‘काँकर’सुद्धा त्याच घरातला. इन्क्वेस्ट इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधून, आणि नॉर्मन राजवटीत त्याला शपथेची जोड होती. गावातली जाणती माणसं गोळा करायची, त्यांना शपथ घालायची आणि ठाऊक असेल ते सांगायला लावायचं. १०८६ साली विजेत्या विल्यमने इंग्लंडच्या बहुतेक भागाची पाहणी केली ती अशीच : जमीन आधी कुणाची होती, आता कुणाची आहे, नांगर किती. पुढे ११९४ मध्ये कॉरोनर हे पद आलं. नावातच राजमुकुट आहे, कारण राजाचं उत्पन्न सांभाळणं हे त्याचं मुख्य काम. अपमृत्यूच्या प्रकरणांत दंड आणि जप्तीचा पैसा तिजोरीत जमा होई, म्हणून प्रेताची चौकशीही त्याच्याकडे गेली. मुंबईत कॉरोनरचं न्यायालय १९९९ पर्यंत होतं.

इंग्लंडमध्ये इन्क्वेस्टपुढे आजही मुख्य प्रश्न चारच असतात : मेलं कोण, कुठे, केव्हा आणि कसं. अमुक माणूस गुन्हेगार आहे, असं त्यात ठरवता येत नाही. मला ही मर्यादा फार मोलाची वाटते. आरोपी शोधायची घाई नसली की गेलेल्या माणसाकडे नीट बघता येतं. मात्र त्यासाठी ‘कसं’ हा प्रश्न मोकळा राहायला हवा.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना. कुंपण घातलेल्या भागात प्रेक्षकांची भयंकर चेंगराचेंगरी झाली आणि ३ वाजून ६ मिनिटांनी खेळ थांबवावा लागला. पुढे इन्क्वेस्टमध्ये कॉरोनरने ठरवलं की ३.१५ नंतरच्या घटनांचा पुरावा घ्यायचा नाही, कारण त्याच्या मते प्राणघातक इजा त्याआधीच झाल्या होत्या. म्हणजे नंतर मदत कधी पोहोचली, कोण वाचू शकलं असतं, हे विचारायलाच बंदी. १९९१ मध्ये ज्यूरीने निकाल दिला : अपघाती मृत्यू.

ॲन विल्यम्स यांचा पंधरा वर्षांचा मुलगा केविन त्या चेंगराचेंगरीत गेला. चारच्या सुमारास तो ‘आई’ म्हणाला, असं त्याच्याजवळ असलेल्या एका महिला कॉन्स्टेबलने सांगितलं होतं. तीन-पंधरा आणि चार! या पाऊण तासासाठी ती आई वीस वर्षांहून अधिक काळ अर्ज करत राहिली आणि ते अर्ज फेटाळले जात राहिले. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने जुने निकाल रद्द केले. पुढच्याच एप्रिलमध्ये ॲन कॅन्सरने गेल्या.

नवी इन्क्वेस्ट वॉरिंग्टनला २०१४ मध्ये सुरू झाली आणि दोन वर्षांहून अधिक चालली. या वेळी ३.१५ ची रेघ नव्हती. पोलिसांचं नियोजन, उघडलेलं फाटक, रुग्णवाहिकांना झालेला उशीर, सगळं तपासलं गेलं. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीने चौदा प्रश्नांची उत्तरं दिली. प्रेक्षकांच्या वागण्यामुळे हे घडलं का? नाही. चेंगराचेंगरीत गेलेल्या ९६ जणांचा मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाला का? नवांपैकी सात जणांनी ‘होय’ म्हटलं.