जुन्या स्टेशन वॅगनची डिकी नवी करायची? मग आधी तिच्यावर पाण्याचा पाइप सोडा!

जुन्या गाड्या नव्या करण्याचे रील्स सगळ्यांनीच पाहिलेत. गंजलेला पत्रा, फाटलेल्या सीट, कुजलेली मॅट आणि तीस सेकंदांत सगळं चकाचक. लाइक्सचा पाऊस पडतो, व्हिडिओ संपतो.

पण त्या तीस सेकंदांत एक प्रश्न कुणी विचारत नाही. ही डिकी मुळात कुजली कशाने?

ज्याने हा प्रश्न विचारला नाही, त्याची नवीकोरी डिकी दोन पावसाळ्यांत पुन्हा तशीच होते. आणि स्टेशन वॅगनच्या बाबतीत तर प्रश्न फक्त गंजाचा नसतो, आत बसलेल्यांच्या जिवाचाही असतो. हे समजून घ्यायला एक गाडी अगदी योग्य आहे, ती म्हणजे अमेरिकेची शेवरले नोमॅड.

स्टेशन वॅगन म्हणजे काय?

नावातच उत्तर आहे. रेल्वे स्टेशनवर उतरलेली माणसं आणि त्यांच्या ट्रंका घरी किंवा हॉटेलवर पोचवणारी गाडी. आपल्याकडे स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे, तसं अमेरिकेत हे काम आधी घोडागाड्यांनी आणि नंतर लाकडी बॉडीच्या मोटारींनी केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूड मागे पडलं, पत्र्याच्या वॅगन आल्या आणि त्या अमेरिकन कुटुंबांच्या आवडत्या झाल्या.

सेडान गाडीत डिकी वेगळी असते. मध्ये सीटची पाठ आणि पत्रा असतो. स्टेशन वॅगनमध्ये छत थेट मागच्या टोकापर्यंत जातं. त्यामुळे डिकी आणि बसायची जागा एकच खोली असते. मागे जे शिरेल ते पुढच्या सीटपर्यंत पोचणारच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

देखणी, महाग आणि गळकी

जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने आपलं मोटोरामा प्रदर्शन भरवलं. तिथे कॉर्वेट या स्पोर्ट्स कारवर आधारित एक फायबरग्लासची वॅगन ठेवली होती. नाव नोमॅड, म्हणजे भटक्या. लोकांना ती इतकी आवडली की तिचं छत आणि मागची ठेवण शेवरलेच्या नेहमीच्या मोठ्या गाडीवर बसवून १९५५ मध्ये ती विक्रीला आली.

दोनच दारं, पुढे झुकलेले खांब, छतावर आडव्या खोबणी आणि मागच्या फाळक्यावर सात उभ्या चमकत्या पट्ट्या. आत डिकीच्या जमिनीवर लिनोलियम आणि त्यावर स्टीलच्या पट्ट्या. छताच्या अस्तरालाही क्रोमच्या कमानी. सामान टाकायची जागा एवढी नटवलेली त्या काळी क्वचितच दिसायची.

पण गाडी महाग होती आणि घरच्या मंडळींना चार दारं हवी असायची. १९५५ ते १९५७ या तीन वर्षांत जेमतेम २२ ते २३ हजार गाड्या बनल्या आणि हा अवतार संपला. आज संग्राहक तिच्यामागे धावतात ते त्यामुळेच.

आणखी एक गोष्ट तिच्या नावाला कायमची चिकटली, ती म्हणजे गळती. नोमॅडचं मागचं दार दोन भागांत उघडतं. वरचा काचेचा भाग वर जातो आणि खालचा पत्र्याचा भाग ट्रकच्या फाळक्यासारखा खाली पडतो. त्यातून मागची बाजू चांगलीच तिरकी. छतावरून आलेलं पाणी या दोन भागांच्या सांध्यावर येतं, आणि तिथलं रबर जरा कडक झालं की ते आत शिरतं. गाडी नवी होती तेव्हापासूनची ही तक्रार आहे.

गंज दिसत नाही तिथेच असतो

आत शिरलेलं पाणी जातं कुठे? लिनोलियमच्या खाली. खऱ्या लिनोलियममध्ये जवसाचं तेल, बुचाचा भुसा आणि खाली तागाचं कापड असतं. गाड्यांमध्ये आवाज कमी करायला आवरणाखाली तागाचे किंवा कापसाचे जाड थरही टाकत. वरून आवरण, खाली पत्रा आणि मध्ये ओला ताग. पाणी वरून दिसत नाही आणि वाळतही नाही. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. इथे दोन्ही वर्षानुवर्षं मिळत राहतात.

दुसरी जागा म्हणजे स्टेपनीचा खड्डा. नोमॅडमध्ये स्टेपनी डिकीच्या जमिनीखाली, झाकणाखाली असते. सगळ्यात खोल जागा तीच, म्हणून पाणी शेवटी तिथेच साचतं. तिसरी जागा फाळक्याचा खालचा कोपरा आणि चौथी मागच्या चाकांवरच्या पत्र्याचा जोड.

त्यामुळे जाणकार माणूस आवरण उचलल्यावर डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. तो टोच्या घेतो आणि पत्र्यावर ठिकठिकाणी दाबून बघतो. टोच्या आरपार गेला, तर तिथे पत्रा नाही, फक्त रंग उरलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगलेला रंग दिसला की खालचं प्रकरण मोठं आहे असं समजायचं.

खोलताना काय जपायचं?

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. कुजलेला माल सरळ कचऱ्यात जातो.

बाजूचे पुठ्ठ्याचे पॅनेल कितीही वाकडे झालेले असोत, नवे कापायला नमुना तोच. कुठे भोक, कुठे गोलाई, कुठे क्लिप हे त्यावरच लिहिलेलं असतं. छताच्या कमानी सारख्या दिसतात, पण त्यांची लांबी आणि वाक वेगवेगळा असू शकतो. म्हणून प्रत्येकीला चिकटपट्टी लावून पुढून मागे नंबर टाकतात. स्क्रू वेगळ्या पिशव्यांत ठेवतात आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढतात. सहा महिन्यांनी गाडी जोडताना आठवणीवर भरवसा ठेवला तर डोकं धरून बसायची वेळ येते.

जमिनीवरच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या असतील तर त्यांना क्रोमचा मुलामा लागत नाही. पोचा आतून हळूहळू ठोकून काढायचा, बारीक होत जाणारा पॉलिश पेपर मारायचा आणि शेवटी बफिंग. सत्तर वर्षांची पट्टी पुन्हा आरशासारखी होते.

आता पाण्याचा पाइप

नवं काहीही बसवायच्या आधी, डिकी उघडी असतानाच गळती शोधायची. मागचं दार बंद करून एक जण टॉर्च घेऊन आत बसतो आणि दुसरा बाहेरून पाइपने पाणी सोडतो. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं. थेट वरून ओतलं तर सगळीकडून पाणी येतं आणि नेमकी जागा कळत नाही. आत सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याचा ओघळ लगेच दिसतो.

रबर तपासायची युक्ती त्याहून सोपी. कागदाची पट्टी दारात अडकवून दार बंद करा आणि पट्टी ओढा. घट्ट बसली तर रबर दाबलं जातंय. सुळकन निघाली तर तिथे फट आहे. असं दाराच्या चारही बाजूंनी करत जायचं. कित्येकदा रबर ठीक असतं, पण बिजागरी किंवा कुलूप सरकल्याने दारच नीट बसत नाही. अशा वेळी आधी दार जागेवर आणायचं, रबर नंतर बदलायचं.

एक चूक मात्र अजिबात नको. फाळक्याच्या तळाशी पाणी बाहेर पडायला छोटी भोकं असतात. गळती थांबवायच्या उत्साहात काही जण तीही बुजवतात. मग आत गेलेलं पाणी बाहेरच पडत नाही आणि फाळका आतून कुजतो.

पत्र्याचं काम: घाई म्हणजे आग

गंज वरवरचा असेल तर घासून त्यावर रस्ट कन्व्हर्टर चालतो. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक अ‍ॅसिड गंजाचं रूपांतर टिकाऊ थरात करतं. पण भोक पडलेल्या पत्र्याला ते जीव देऊ शकत नाही. तिथे सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करावाच लागतो. एका दमात लांब वेल्ड मारला तर उष्णतेने पत्रा वाकतो. म्हणून थोडं इथे, थोडं तिथे असे टाके घेत जातात.

वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी दोन कामं ठरलेली आहेत. बॅटरीची वायर काढायची आणि पेट्रोलची टाकी व तिच्या नळ्या गाडीतून उतरवून दूर ठेवायच्या. टाकी रिकामी आहे म्हणून चालेल, हा समज जीवघेणा आहे. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ उरते आणि हवेत मिसळलेली वाफच भडकते.

दुसरा धोका शिशाचा. त्या काळी पत्र्याचे जोड शिसं ओतून सपाट करत आणि जुन्या रंगांतही शिसं असायचं. कोरडा ग्राइंडर फिरवला की ती धूळ फुफ्फुसात जाते. योग्य मास्क, ओलं घासणं आणि लहान मुलांना लांब ठेवणं एवढं तरी हवंच.

त्यानंतरचा क्रम असा: एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीम सीलर, मग रंग. बहुतेक सीम सीलर उघड्या पत्र्यावर नाही, प्रायमरवर लावायचे असतात. क्रम चुकला तर सीलर सुटतो आणि पाणी त्याच्याखाली शिरतं.

खरा धोका पाण्याचा नाही, धुराचा

सुमो, क्वालिस किंवा जीप कच्च्या रस्त्यावरून गेली की सगळ्यात जास्त धूळ कुठे बसते? मागच्या काचेवर. गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. तिथे हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि धूळ काचेकडे ओढली जाते.

सायलेन्सरही तिथेच मागे असतो. म्हणजे जी हवा धूळ ओढते, तीच धूरही ओढते. मागच्या दाराला फट असेल किंवा फक्त मागची काच उघडी ठेवली असेल, तर तो धूर थेट आत येतो. आणि वॅगनमध्ये डिकी आणि बसायची जागा एकच खोली असते!

या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि वासहीन असतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. प्रवासाचा शीण असेल असं वाटतं आणि माणूस डोळे मिटतो. त्या काळी मुलं सर्रास डिकीत लोळत प्रवास करायची, म्हणजे धुराच्या सगळ्यात जवळ तीच असायची.

म्हणून मागच्या दाराचं रबर ही सजावटीची वस्तू नाही. ज्या फटीतून पाणी येतं, त्याच फटीतून हा वायूही येतो. पाण्याची चाचणी झाली की सायलेन्सरचे जोड तपासायचे, डिकीच्या जमिनीतली वायरिंगची उघडी भोकं रबरी बुचांनी बंद करायची आणि गाडीत बॅटरीवर चालणारा छोटा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवायचा. प्रवासात डोकं दुखायला लागलं तर गाडी थांबवून सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं.

मग येते सजावट

आता कुठे लिनोलियमची पाळी. गुंडाळी उन्हात पसरून मऊ करायची, कडेने थोडं जास्त ठेवून कापायचं आणि बसवल्यावर नेमकं छाटायचं. गोंद दोन्ही बाजूंना लावून किंचित सुकू द्यायचा. नव्या पुठ्ठ्याच्या पॅनेलला मागून पाण्यापासून वाचवणारा लेप द्यायचा, कारण मूळ पॅनेल मागूनच भिजले होते. छताचं अस्तर आणि बाजूचे पॅनेल आधी, जमीन आणि पट्ट्या शेवटी.

लिनोलियमऐवजी गालिचा घालावा का? हौस असेल तर घालावा. पण मूळ रूप जपलेल्या नोमॅडची किंमत संग्राहकांच्या लेखी वेगळीच असते, आणि गालिचा ओला झाला तर तो पुन्हा पाणी धरून ठेवतो.

आपल्याकडची वॅगन

हे सगळं फक्त अमेरिकेपुरतं नाही. १९९२ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, टाटा एस्टेट बाजारात आणली. एस्टेट हा स्टेशन वॅगनचाच इंग्रजांच्या देशातला शब्द. आज तिशी ओलांडलेल्या मोजक्या एस्टेट हौशी लोकांनी जपल्या आहेत. कोकणातल्या पावसात उभ्या राहणाऱ्या अशा गाडीला कडक झालेलं रबर आणि ओली मॅट काय करू शकते, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून कुणी नवी केलेली जुनी वॅगन दाखवली, तर लिनोलियमची चमक नंतर बघा. आधी मॅटचा कोपरा उचलून खाली हात फिरवा आणि मागच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. हात कोरडा राहिला आणि पट्टी निघाली नाही, तर काम खरंच झालंय.