लेट्यूसच्या बीला रंग कळतो

लेट्यूसचं बी जिऱ्याहूनही बारीक असतं. एका ग्रॅममध्ये आठशे-हजार बिया सहज बसतात. पण पेरायला घेतलेल्या या कणाला डोक्यावर मोकळं आकाश आहे की दुसऱ्या झाडाचं पान, हे ओळखता येतं, आणि ते ओळखूनच तो रुजायचं की नाही हे ठरवतो.

हे उलगडलं अमेरिकेत, मेरिलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या कृषी संशोधन केंद्रात. हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ नावाच्या वाणाच्या बिया अंधारात भिजवल्या. काही बियांवर थोडा वेळ लाल प्रकाश सोडला. त्यातल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास रुजल्या. काही बियांना लालनंतर अतिलाल प्रकाश दिला. हा लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा. त्यातल्या शंभरात सहा-सात रुजल्या. मग त्यांनी लाल, अतिलाल, पुन्हा लाल, पुन्हा अतिलाल अशी आलटूनपालटून मालिकाच लावली. दरवेळी निकाल एकच: आधी काय घडलं ते सगळं पुसलं जायचं आणि शेवटचा प्रकाश जो असेल तोच बी मानायचं! हा शोध 1952 साली प्रसिद्ध झाला. बीमधल्या ज्या रंगद्रव्यामुळे हे घडतं त्याला पुढे फायटोक्रोम म्हणू लागले. सुमारे 660 नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्याला चालू करतो, 730च्या आसपासचा अतिलाल बंद करतो.

हेच दोन रंग का? कारण हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि अतिलाल खाली जाऊ देतं. दाट पाल्याखाली पोहोचणारा उजेड म्हणूनच अतिलालकडे झुकलेला असतो. इवल्याशा बीत शिदोरी ती किती! मोठ्या झाडाच्या सावलीत ते रुजलं, तर स्वतःचं अन्न करू लागण्याआधीच संपून जाईल. म्हणून ते थांबतं.

कोरड्या बीवर मात्र यातलं काही चालत नाही. आधी ते पाण्याने फुगायला हवं. आजचे कित्येक वाण अंधारातही उगवतात, तरी लेट्यूस खोल पेरू नये. ओलसर, भुसभुशीत मातीवर बी पसरावं, बोटांनी हलकेच दाबावं, वर कोकोपीट भुरभुरलं तर भुरभुरलं. पाणी फवाऱ्यानेच द्यावं, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं.

आपल्याकडे पेरणी फसते ती बहुधा उन्हाने. माती तिशीच्या वर तापली की बहुतेक वाणांचं बी, पाणी-उजेड सगळं मिळूनही, गप्प बसतं. लेट्यूसचे रानटी भाईबंद भूमध्य समुद्राच्या आसपास आणि पश्चिम आशियात वाढतात. तिथे उन्हाळे कोरडे आणि पाऊस हिवाळ्यात. अवकाळी सरीला भुलून भर उन्हाळ्यात रुजणं तिथे जिवावर बेततं. म्हणून पुण्या-नाशकात ऑक्टोबरचं ऊन सरू द्यावं, दिवाळीनंतर पेरावं. घाईच असेल तर ओल्या कागदात गुंडाळून बी एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावं, मग पेरावं.

रोपं वर आली की विरळणी करायला जीव होत नाही, पण करावी. फायटोक्रोम रोपातही काम करत असतं. शेजारच्या पानांवरून परतलेला अतिलाल प्रकाश त्याला गर्दीची वर्दी देतो, आणि रोप पानं भरण्याऐवजी उंच, लेचंपेचं होत जातं. चार पानांवर आल्यावर दोन रोपांत वीतभर जागा सोडावी. उपटलेली कोवळी रोपं धुऊन कोशिंबिरीत घालावीत. त्यांना अजून कडवटपणा आलेला नसतो.