दादी काल अशी नव्हती

खुब्याचे हाड मोडले म्हणून दादीचे ऑपरेशन मिरजेच्या एका रुग्णालयात झाले. ऑपरेशन नीट पार पडले. दुसऱ्या दिवशी तिने चहा मागितला, नातवंडांनी नाश्ता केला का विचारले. तिसऱ्या रात्री मात्र ती सलाईनची नळी उपसू लागली. छतावर कोंबड्या फिरताहेत म्हणाली. अम्मीला तिने ओळखले नाही, चोर म्हटले. जिच्या तोंडून उभ्या आयुष्यात शिवी ऐकली नव्हती ती शिव्या देऊ लागली.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होता. इंटर्नशिप संपवून नुकताच लागलेला, आणि दोन वॉर्ड त्याच्या एकट्यावर. "वय झालंय, म्हातारपणात होतं असं," तो म्हणाला. झोपेचे इंजेक्शन द्या, असा आग्रह आम्हीच धरला. इतर पेशंट जागे होत होते, आम्हाला लाज वाटत होती. त्याने इंजेक्शन दिले. सकाळी दादी शांत होती आणि आम्ही अल्लाहचे शुक्र मानले.

ती शांतताच खरी धोक्याची होती, हे आम्हाला कळले नाही आणि त्या डॉक्टरलाही नाही. दिवसभर ती डोळे अर्धवट मिटून पडून राहिली. जोहरच्या वेळी तिच्या हातात तसबीह दिली. 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अलहम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर, हा तिचा साठ वर्षांचा परिपाठ. पाच-सहा मण्यांवर बोटे थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, पुन्हा थांबली. आम्ही म्हटले, थकली असेल. खाला म्हणाली, बाहेरचे काही असेल, आमिलला बोलवा.

संध्याकाळी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी अम्मीला विचारले, "परवा कशा होत्या या?" तीन दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला. मग त्यांनी दादीला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. दादी म्हणाली, जुम्मा, जुमेरात... आणि खिडकीकडे बघत राहिली. बाईंनी ओटीपोटावर हात ठेवला. लघवीची नळी काढल्यापासून लघवी तुंबली होती. चार दिवस पोट साफ नव्हते. रक्त तपासले तेव्हा सोडियमही उतरलेले निघाले.

या अवस्थेला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. आपल्याकडे वातात बरळणे म्हणतात, जुन्या हकिमांच्या भाषेत सरसाम. इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मध्ये सरसामची चर्चा शरीराचा आजार म्हणूनच केलेली आहे, हे आमिल शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, पाणी कमी पडणे, दुखणे, बद्धकोष्ठ, एखादे नवे औषध, यांपैकी काहीही वृद्ध मेंदूला पुरेसे होते. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. डेलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसातून कमी-जास्त होतो. त्याची मुख्य खूण लक्ष न टिकणे ही आहे. भास होतीलच असे नाही. आरडाओरडा करणारा पेशंट सर्वांना दिसतो, गुपचूप पडलेला कुणालाच दिसत नाही.

तरुण डॉक्टरांना हे शिकवत नाहीत का? शिकवतात. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृद्धांच्या आजारांत याचा समावेश आहे. पण पुस्तकात वाचणे आणि रात्री दोन वाजता खाटेजवळ ओळखणे यात अंतर आहे. हे अंतर फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये सातशेहून अधिक कनिष्ठ डॉक्टरांची पाहणी झाली, ती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. डेलिरियम नेहमी आढळतो आणि गंभीर असतो हे बहुतेकांना माहीत होते. तो ओळखायचा कसा, याचे निकष मात्र अनेकांना नीट सांगता आले नाहीत.

पुढे एडिंबरामध्ये 'फोर-ए-टी' नावाची छोटी चाचणी तयार झाली. दोन-तीन मिनिटांचे काम. पेशंट किती जागा आहे ते बघायचे, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि साल विचारायचे, महिने उलटे म्हणायला लावायचे. आता आमच्या दादीची जन्मतारीख आधारवर 1 जून आहे, ती तिला निरोगी असतानाही सांगता येत नाही! म्हणूनच चौथा प्रश्न महत्त्वाचा: हा बदल अचानक झाला का? नुकत्याच ड्यूटीवर आलेल्या डॉक्टरने दादीला काल पाहिलेलेच नसते. याचे उत्तर घरच्यांकडेच असते, आणि घरचे बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. त्या रात्री आम्ही त्या मुलाला "झोपेचं इंजेक्शन द्या" सांगितले, "काल ही अशी नव्हती" सांगितले नाही. दुसरे वाक्य सांगितले असते तर कदाचित त्यानेही पोटाला हात लावून पाहिला असता. झोपेच्या काही औषधांनी हा भ्रम उलट वाढतो, हे आम्हाला नंतर समजले.

उपचारात औषधापेक्षा कारण काढणे मोठे होते. लघवी मोकळी केली, सोडियम हळूहळू वर आणले, पोट साफ केले. बाकीचे आमचे काम. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद. पाणी घोट-घोट. एका वेळी एकच जण खाटेजवळ. त्याआधी भेटायला येणाऱ्यांची जत्राच भरत होती. आणि तिचा चष्मा व कानाचे यंत्र. ते हरवू नये म्हणून पिशवीत बांधून कपाटात ठेवले होते, तेही आम्हीच. तीन दिवस ती अर्धवट दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या जगात पडून होती.

पाचव्या दिवशी तिने अम्मीला नावाने हाक मारली. वार-तारखांचा गोंधळ घरी आल्यावरही महिनाभर राहिला. इतक्या उशिरापर्यंत तो राहू शकतो, आणि कुणाकुणाचा पूर्ण जातही नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवले होते.

एका दुपारी दादीने विचारले, "मी कुणाला वाईट बोलले का गं?" तिला कोंबड्या आठवत होत्या. अम्मीने मौलानांना विचारून ठेवले होते: भान हरपलेल्या माणसाच्या त्या काळातल्या बोलण्याचा हिशेब नाही. अम्मीने तेच सांगितले. चोर म्हटल्याचे सांगितले नाही.