घरातील प्रवाळ-मत्स्यालय : आधी काय बदलावे?

कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरील रविवारच्या बाजारात शोभिवंत मासे पाहून अनेकांना घरी समुद्र थाटण्याचा मोह होतो. प्रवाळाला सुमारे २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. वैशाखात हे शहर त्याच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून उपकरणांत प्रथम दिवे बदलावेत. जुने मेटल हॅलाइड दिवे पाणी तापवतात आणि तीच उष्णता काढण्यासाठी चिलरलाही वीज पुरवावी लागते. एलईडी दिव्यांनी हा दुहेरी खर्च घटतो. मग प्रोटीन स्किमर : तो सूक्ष्म बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढतो. वीज गेल्यास बॅटरीवरील हवापंप हवाच. प्रवाळ घेताना मात्र सावध असावे. खडक रचणारी प्रवाळे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आली. आपल्या समुद्रातून काढलेले असे प्रवाळ विकणे वा बाळगणे गुन्हा ठरतो.