मुरूम, वांग, कोड : दोष शोधू नका

सातारा जिल्ह्यातल्या औंधचं नाव सूर्यनमस्कारांनी दूरवर नेलं. औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले. १९३८ साली त्यांचं ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक इंग्रजीत निघालं. आपलं आरोग्य आपल्या हाती असतं, हा विचार मोलाचाच आहे. पण त्वचेच्या आजारात आपण तो उलटा लावतो. तोंडावर फोड आले की पोरीचं खाण्यात, स्वच्छतेत, नाहीतर वागण्यात काहीतरी चुकलं असणार, असं घरातलेच धरून चालतात.

गैरसमज : तोंड नीट धूत नाही म्हणून मुरूम येतात.
वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींनी छिद्रं बुजतात आणि आत जिवाणू वाढून सूज येते. हे सारं कातडीच्या आत घडतं, बाहेरच्या मळाने नाही. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुणं पुरे. खसाखसा घासलं तर सूज वाढते. बारा ते चोवीस या वयातल्या सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक मुरूम येतातच.

गैरसमज : वयाबरोबर जातील, मनाला काय लावून घ्यायचं?
२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात, मुरुमांचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात नैराश्याचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. हे आपल्याकडेही डोळ्यांपुढे घडत असतं. गॅदरिंगच्या फोटोत पोरगी मागे सरकते, मुलगा तोंडावरचा रुमाल काढत नाही. औंधच्या यमाईदेवीच्या यात्रेला आलेली मावशी विचारते, “काय गं, तोंडाला काय झालंय?” तिच्या विचारण्यात माया असते, पण त्या दिवशी तोच प्रश्न आणखी चौघांनी विचारलेला असतो. वाट पाहत बसलं तर चेहऱ्यावर कायमचे खड्डे राहू शकतात, म्हणून उपचार वेळेत हवेत.

गैरसमज : मेडिकलमधली ट्यूब लावली की डाग जातात.
अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळ दिसतो. मग लाली, पुटकुळ्या, पातळ झालेली कातडी, चेहऱ्यावर लव, आणि ट्यूब बंद केली की सगळं आणखी भडकतं. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे मुरूम गेल्यावर काळे डाग मागे राहतात आणि उन्हाने ते गडद होतात. वांगाचे काळसर चट्टेही उन्हाने गडद होतात. शेतात जाताना टोपी किंवा पदर घ्या, सनस्क्रीन लावा. लिंबू चोळून उन्हात जाणं तर घातकच, त्याने कातडी भाजते.

गैरसमज : कोड म्हणजे कुष्ठरोग, आणि तो लागतो.
या एका समजुतीने किती स्थळं मोडली असतील! बहिणीला कोड म्हणून भावाचंही लग्न अडतं. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करते. ते शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा कपड्यांतून पसरत नाही. माशावर दूध प्यायल्यानेही होत नाही. कोडाच्या डागावर संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ती सहसा कमी झालेली असते. आणि कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो, ती औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कोड असलेल्यांच्या बहुतेक मुलांना कोड होत नाही. मलमं, प्रकाशोपचार आणि डाग स्थिरावल्यावर त्वचारोपण असे उपचार आहेत. गुण सावकाश येतो आणि सगळ्यांना सारखा येत नाही, हे मात्र आधीच सांगायला हवं.

पुण्यात स्वतः कोड असलेल्या डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी ‘श्वेता’ ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. स्थळ बघण्याआधी घरातल्या मोठ्यांनी तो जरूर पाहावा.

उपचारांसाठी साताऱ्याला, कराडला किंवा मिरजेला त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि पुढच्या लग्नकार्यात एखाद्या पोरीची भेट झाली, तर तोंडाला काय झालंय ते विचारू नका. परीक्षा कशी गेली, ते विचारा.